पडद्यावरची आडवी रेघ

टीव्हीच्या डोक्यावर थाप मारली की चित्र परत येते, हे पिक्चर ट्यूबचा टीव्ही असलेल्या प्रत्येक घराला ठाऊक होते. थाप कुठे मारायची, केवढी मारायची, हेही घराघरात ठरलेले असायचे. आत कुठेतरी एखाद्या सुट्या भागाच्या पायाभोवतीचे सोल्डर तडकलेले असते. थापेने तो पाय किंचित हलतो, धातूला धातू टेकतो आणि प्रवाह वाहू लागतो. थोड्या वेळाने बोर्ड तापतो, फट पुन्हा उघडते आणि चित्र जाते. मेकॅनिक मंडळी याला ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात. जुन्या टीव्हीच्या दुरुस्तीत सगळ्यात जास्त वेळा भेटणारा बिघाड हाच आहे, आणि तो घरी दुरुस्त होण्याजोगा आहे.

आजही अनेक घरांत माळ्यावर किंवा पलंगाखाली असा एखादा सेट असतो. बहुतेक वेळा तो 21 इंची रंगीत असतो. ओनिडा, व्हिडिओकॉन, बीपीएल, असे कुठलेसे नाव त्याच्यावर असते. बंद पडला तेव्हा मेकॅनिक मिळाला नाही किंवा नवा सपाट टीव्ही आला, म्हणून तो तसाच राहिला. असा सेट उघडण्याआधी त्याच्याकडे नीट पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन. आजच्या टीव्हीतला दोष बहुधा एका बंद चिपच्या आत असतो, बाहेरून त्याचा थांग लागत नाही. जुना टीव्ही मात्र आपले दुखणे थेट पडद्यावर लिहून दाखवतो. ते वाचता आले की कुठला कोपरा तपासायचा ते कळते. ते न वाचता जो सोल्डरिंग आयर्न हातात घेतो, तो चांगले भागही उपटून टाकतो.

वाचायला शिकण्यासाठी चित्र कसे तयार होते ते थोडक्यात पाहू. 1897 साली कार्ल फर्डिनांड ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञाने स्ट्रासबर्गमध्ये पहिली कॅथोड किरण नळी तयार केली. पिक्चर ट्यूब ही तिचीच वंशज. नळीच्या बारीक मानेत एक तंतू तापतो, त्याच्या उष्णतेने इलेक्ट्रॉन सुटतात, सुमारे 25 हजार व्होल्टच्या ओढीने ते पुढे धावतात आणि काचेच्या आतल्या लेपावर आपटून प्रकाश पाडतात. रंगीत नळीत असे तीन झोत असतात: लाल, हिरवा आणि निळा. मानेभोवती तांब्याच्या तारेची वेटोळी बसवलेली असतात, त्यांना ‘योक’ म्हणतात. योकमधल्या चुंबकीय क्षेत्राने झोत आडवा आणि उभा फिरतो. आपल्याकडच्या पद्धतीत एका चित्रात 625 ओळी आणि सेकंदाला 25 चित्रे असतात, म्हणजे झोत सेकंदाला 15,625 वेळा डावीकडून उजवीकडे जातो. लहान मुलांना चालू टीव्हीजवळ जी बारीक शीळ ऐकू येते आणि आजोबांना येत नाही, ती हीच.

आडवे फिरवणारा भाग वेगळा, उभे फिरवणारा वेगळा. आडव्या भागावर, म्हणजे ‘लाइन’वर, दुहेरी जबाबदारी असते. झोत एक ओळ संपवून जेमतेम 12 मायक्रोसेकंदांत माघारी येतो. त्या क्षणी योकमधला प्रवाह झपकन पालटतो आणि मोठा विद्युत दाब उसळतो. तोच दाब ट्रान्सफॉर्मरने वाढवून नळीला दिला जातो. या ट्रान्सफॉर्मरला आपल्या बाजारात सरळ ‘ईएचटी’ म्हणतात. त्याला चालवणारा बीयू 508 सारखा ट्रान्झिस्टर 1,500 व्होल्ट सोसू शकेल असा घडवलेला असतो. लाइन बंद पडली की ईएचटी बंद, आणि ईएचटी बंद म्हणजे पडदा काळा. उभा भाग, म्हणजे ‘व्हर्टिकल’, बंद पडला तर उजेड राहतो, पण झोत वरखाली जात नाही. मग पडद्याच्या मधोमध एक झगझगीत आडवी रेघ उरते.

आता बाकीची चिन्हे. लाल दिवाही लागत नसेल तर प्लग, वायर, स्विच, फ्यूज आणि सप्लायचा भाग पाहायचा. दिवा लागतो पण आतून टिक-टिक आवाज येत राहतो, तेव्हा सप्लाय चालू व्हायचा प्रयत्न करून पुन्हा पुन्हा थांबत असतो. पुढे कुठेतरी शॉर्ट आहे आणि बहुधा तो लाइनच्या ट्रान्झिस्टरमध्ये आहे. आवाज येतो, चित्र नाही, अशा वेळी खोलीत अंधार करून मागच्या झाकणाच्या फटींतून पाहावे. नळीच्या मानेत नारिंगी उजेड दिसला आणि पडद्याजवळ हात नेल्यावर केस उभे राहिले, तर तंतू आणि ईएचटी दोन्ही ठीक आहेत, दोष चित्राच्या सिग्नलमध्ये किंवा स्क्रीनच्या व्होल्टेजमध्ये आहे. पांढऱ्याचे पिवळे झाले असेल तर निळा झोत गेला आहे, जांभळट गुलाबी झाले असेल तर हिरवा. मानेच्या टोकाला बसवलेल्या छोट्या बोर्डावर तिन्ही रंगांचे ट्रान्झिस्टर असतात, तिथेच शोधावे. आणि पडदाभर नुसत्या मुंग्या दिसत असतील तर खूश व्हावे. सप्लाय, लाइन, व्हर्टिकल, नळी, सगळे शाबूत आहे, फक्त आत येणारा सिग्नल नाही.

मुंग्यांवर घाबरून सेट भंगारात गेल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत, म्हणून हे जरा विस्ताराने सांगतो. मुंबईत दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झाले आणि मग सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे पुणेकरांच्या गच्च्यांवर अँटेना उभ्या राहिल्या. ते जमिनीवरून होणारे अ‍ॅनालॉग प्रक्षेपण आता टप्प्याटप्प्याने गुंडाळले गेले आहे. अँटेना लावून जुन्या टीव्हीवर आज मुंग्याच दिसणार. त्याला पिवळी-पांढरी-लाल पिन असलेला सेटटॉप बॉक्स हवा. पिवळी पिन चित्राची, बाकीच्या दोन आवाजाच्या. टीव्हीला एकच आवाजाची खाच असेल तर पांढरी लावावी. मग रिमोटवरून ‘एव्ही’ निवडायचे. अनेक ‘बिघाड’ एवढ्याने संपतात.

कोपऱ्यांत हिरवे-जांभळे डाग पडले असतील तरीही झाकण उघडायचे कारण नाही. शेजारी ठेवलेल्या स्पीकरच्या चुंबकाने नळीतली छिद्रांची पातळ पोलादी जाळी भारली जाते आणि झोत भलत्याच रंगावर पडतात. स्पीकर दूर करावा. पडद्याभोवती बसवलेली एक मोठी कॉइल टीव्ही चालू होताना जाळीचे चुंबकत्व उतरवते. सेट लावल्या लावल्या ‘थुम्’ असा जो आवाज येतो तो तिचाच. पण टीव्ही नुसता रिमोटने बंद केला तर बऱ्याच सेटमध्ये ही कॉइल पुन्हा काम करत नाही. तिच्या वाटेवरचा एक छोटा भाग थंड व्हावा लागतो. म्हणून मेन स्विच बंद करून अर्धा तास थांबावे आणि मग लावावे. दोन-तीनदा असे केले की डाग बहुधा जातात.

झाकण उघडायची वेळ येते ती यापुढच्या बिघाडांसाठी. इथे मी हात राखून बोलणार नाही. या पेटीत जिवावर बेतू शकेल असे काही आहे. ज्याने घरातले बटण किंवा पंख्याचा रेग्युलेटरही कधी बदललेला नाही त्याने पहिला धडा या टीव्हीवर घेऊ नये, जाणत्या माणसाला शेजारी बसवावे. धोका तीन ठिकाणी आहे आणि तिन्ही ठिकाणे ओळखता आली पाहिजेत.

पहिले ठिकाण सप्लायमधला मोठा कंडेन्सर. पुस्तकात कपॅसिटर म्हणतात, दुकानात कंडेन्सरच मागतात. त्याच्यावर 400 व्होल्ट असे छापलेले असते. भिंतीतले 230 व्होल्ट एकदिश झाल्यावर त्यात सुमारे 325 व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ तिथेच राहतात, विशेषतः सप्लाय बिघडलेला असेल तेव्हा. 100 वॉटच्या बल्बच्या होल्डरला दोन रबरी आवरणाच्या वायरी जोडून त्यांची उघडी टोके कंडेन्सरच्या दोन पायांना लावावीत. साठा असेल तर बल्ब लुकलुकून विझतो. मग मीटर लावून व्होल्ट शून्यावर आले आहेत ना, हे पाहावे. पेचकसाने पाय शॉर्ट करण्याची सवय अनेकांना असते. त्यात ठिणगी उडते, तांब्याची पट्टी जळते, कंडेन्सरही दुखावतो.

दुसरे ठिकाण नळीच्या पाठीवरची रबरी वाटी. तिच्यातून जाड लाल वायर आत जाते. नळीला बाहेरून काळा लेप असतो, आतूनही असतो आणि मधे जाड काच. म्हणजे नळी स्वतःच एक मोठा कंडेन्सर होते. टीव्ही बंद केल्यावर हजारो व्होल्ट तिच्यात राहू शकतात. लांब प्लास्टिकच्या मुठीचा पेचकस घ्यावा, त्याच्या दांड्याला क्लिपची वायर जोडावी आणि वायरचे दुसरे टोक काळ्या लेपावरून जाणाऱ्या विणलेल्या उघड्या तारेला लावावे. प्लग काढलेला आहे हे पुन्हा पाहावे. एक हात पाठीमागे ठेवावा, म्हणजे झटका बसलाच तरी तो छातीतून आरपार जाणार नाही. मग पेचकसाचे पाते रबराखाली हळूच सरकवून आतल्या धातूला टेकवावे. ‘टच्’ असा आवाज येईल किंवा येणारही नाही. पाच मिनिटांनी पुन्हा टेकवावे. काच आपल्यात मुरलेला भार सावकाश परत सोडते, त्यामुळे रिकामी केलेली नळी थोड्या वेळाने पुन्हा थोडी भरलेली सापडते.

तिसरे ठिकाण नळीची मान. वीज नसतानाही ती धोक्याची. नळीत निर्वात आहे आणि मानेची काच पातळ आहे. टोकावरचा छोटा बोर्ड काढताना वाकडा ओढला तर आतले टोक मोडते, हवा आत शिरते आणि नळी कायमची जाते. तो सरळ रेषेत, हलक्या हाताने मागे घ्यायचा. सेट पालथा घालायचा झाला तर खाली जाड गोधडी हवी आणि मानेवर कशाचाही भार येता कामा नये.

एवढे जपले की काम निवांत होते. पुन्हा त्या आडव्या रेघेकडे येऊ, कारण नवशिक्याने सुरुवात करावी असा बिघाड हाच आहे. रेघ दिसली की ब्राइटनेस कमी करावा किंवा सेट लगेच बंद करावा. सगळ्या पडद्याचा उजेड एका ओळीत कोंबला जातो आणि काही मिनिटांत लेप जळून तिथे कायमचा व्रण राहू शकतो.

बोर्ड बाहेर काढून पालथा करा. जुन्या दातघासणीच्या ब्रशाने धूळ आणि चिकटा काढा. सप्लायच्या पट्टीत नसलेल्या, अ‍ॅल्युमिनियमच्या वेगळ्या पत्र्याला स्क्रूने आवळलेल्या, एका ओळीत सात-नऊ पाय असलेल्या आयसीच्या खालची बाजू शोधा. तो व्हर्टिकल आयसी. त्याच्यावर टीडीए 8356, एलए 7840 असे काहीतरी छापलेले सापडेल. आता टॉर्च सरळ न धरता तिरपा धरा आणि भिंगातून एकेका पायाकडे पाहा. चांगला टाका पायाला बिलगून उतरता झालेला आणि चमकदार असतो. तडकलेल्या टाक्यात पायाभोवती केसाएवढी काळी गोल रेघ दिसते. सरळ उजेडात ती लपते, तिरप्या उजेडात सावली पडून उघडी पडते. लाकडाच्या काडीने आयसीला हलकेच ढकलले तर पाय सोल्डरच्या आत खालीवर सरकतानाही दिसतो. दुकानातल्या घाईत मेकॅनिकला हे पाहायला वेळ नसतो, घरी मात्र भरपूर असतो.

टाके तिथेच का तडकतात? जो भाग तापतो आणि जो भाग जड असतो, त्याच्या पायांवर ताण येतो. सेट रोज तापतो, निवतो, धातू प्रसरण पावतो, आकसतो. वर्षानुवर्षे हे चालले की मऊ कथिल-शिसे थकते. म्हणून व्हर्टिकल आयसी, ईएचटीचे पाय, लाइनला चालना देणारा छोटा ट्रान्सफॉर्मर, योकचा कनेक्टर आणि मानेवरचे सॉकेट, या जागा हटकून पाहाव्यात.

जुन्या टाक्यावर नुसते नवे सोल्डर थापून भागत नाही, आतला मळका थर तसाच राहतो. आधी जुने सोल्डर वितळवून सकरने ओढून घ्यावे, पाय पात्याने किंचित खरवडावा, मग 60-40 चे नवे सोल्डर द्यावे. ते साधारण 190 अंशांपर्यंत पूर्ण वितळते, आयर्नचे टोक त्याहून बरेच जास्त तापलेले असते. टोक पाय आणि पट्टी दोघांना एकदम टेकवायचे, दोन-तीन सेकंदांत सोल्डर पाण्यासारखे पसरले पाहिजे. लहान पायांना 25 वॉटचे आयर्न पुरते. ईएचटीच्या जाड पायांना ते पुरत नाही. तिथली रुंद पट्टी उष्णता खेचून घेते आणि टाका वरून चमकदार, आतून कच्चा राहतो.

टाके ठीक असतील तर आयसीच्या आसपासचे कंडेन्सर पाहावेत. आतला द्रव वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आटतो. डोके फुगलेले असेल तर शंकाच नको, पण आटलेला कंडेन्सर बाहेरून ठणठणीतही दिसतो. चित्राचा वरचा भाग घडी घातल्यासारखा दुमडला असेल आणि तिथे पांढऱ्या रेघा दिसत असतील, तर आयसीजवळचा 100 मायक्रोफॅरडच्या आसपासचा कंडेन्सर आधी बदलावा. बदलताना मूल्य तेच ठेवावे, व्होल्टेज तेवढे किंवा थोडे जास्त, तापमान 105 अंशांचे आणि पट्टीची बाजू ऋणाकडे. एवढे करूनही रेघ हटली नाही तर आयसीला ईएचटीकडून येणारा सप्लाय मोजावा. पुष्कळ सेटमध्ये तो 24-26 व्होल्टच्या आसपास असतो आणि कमी ओहमच्या एका फ्युझिबल रेझिस्टरमधून येतो. तो उडाला असेल तर आयसीच शॉर्ट आहे असे धरून चालावे. त्या रेझिस्टरच्या जागी साधा रेझिस्टर किंवा तारेचा तुकडा कधीही घालू नये. वेळ आली की जळून जाणे हेच त्याचे काम आहे.

चालू सेटमध्ये व्होल्ट मोजताना आणखी एक ध्यानात ठेवावे. सप्लायची एक बाजू थेट भिंतीतल्या विजेला जोडलेली असते. बोर्डावर ती बहुधा जाड रेघेने आखून दाखवलेली असते. काही जुन्या सेटमध्ये तर अख्खी चॅसीच तशी असते. मीटरचे काळे टोक सप्लायच्या पुढच्या, सुरक्षित बाजूच्या ग्राउंडला क्लिपने पक्के लावावे, मगच सेट लावावा आणि लाल टोक एका हाताने धरून टेकवावे.

दुरुस्तीनंतर पहिल्यांदा वीज देताना मी सिरीज बोर्डाशिवाय देत नाही. कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात तो पाहायला मिळतो: बल्बचा होल्डर टीव्हीच्या वाटेत सिरीजमध्ये जोडलेला, त्यात 100 वॉटचा पिवळा बल्ब. सेट लावल्यावर बल्ब क्षणभर लख्ख पेटून मंद झाला तर मोठा शॉर्ट नाही. तो लख्खच राहिला तर आत अजून शॉर्ट आहे आणि बल्बने नवा ट्रान्झिस्टर वाचवला. बल्बमुळे व्होल्ट कमी पडून चित्र लहान दिसेल किंवा सेट सुरूही होणार नाही, त्याची काळजी नसावी. शॉर्ट नाही याची खात्री झाली की बल्ब काढून सरळ वीज द्यावी.

कोकणात आणि एकंदर पावसाळ्यात आणखी एक त्रास. 25 हजार व्होल्ट धूळ ओढून घेतात, धुळीत दमट खारी हवा मुरते आणि रबरी वाटीच्या कडेने जांभळी ठिणगी सरपटू लागते. कट्-कट् आवाज येतो आणि ओझोनचा उग्र वास सुटतो. नळी रिकामी करून वाटी उचलावी, काच आणि रबर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे, पूर्ण वाळू द्यावे. आवाज ईएचटीच्या प्लास्टिकलाच बारीक भोक पडून येत असेल तर लेप-बिप लावण्याच्या फंदात न पडता ईएचटी बदलावा. रत्नागिरीला आत्याकडच्या सेटची फ्यूज सारखी उडत होती. सप्लायच्या दोन पायांवर आडवी पडून वाळलेली पाल निघाली. उबेला पाली आणि झुरळे आत शिरतातच. तिथली जळकी पट्टी खरवडून, अल्कोहोलने धुऊन, वायरच्या तुकड्याने जोडून दिली.

सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत शोधावेत. जुना भाग सोबत न्यावा, नंबर तोंडाने सांगण्यात घोळ होतात. दुकानदार ‘सगळा बोर्डच टाका, चायना किट बसवा’ असे सुचवतील. त्याने चित्र येते, हे खरे. पण मूळ बोर्ड त्या नळीसाठी आणि त्या योकसाठी आखलेला असतो. किट बसवल्यावर कडा वाकतात, वर्तुळे अंड्यासारखी होतात, रंग भडक होतात. मूळ ईएचटी कुठेच मिळत नसेल तरच मी किटकडे वळेन.

नळीच गेली असेल तर मात्र थांबावे. चित्र आधी अंधूक, मातकट दिसते आणि दहा-पंधरा मिनिटांनी उजळते, हे झोत क्षीण झाल्याचे चिन्ह. अशी नळी आहे तशी आणखी काही वर्षे चालवता येते. जोराचे व्होल्टेज देऊन तिला तरतरी आणणारी यंत्रे मेकॅनिककडे असत. त्याने कधी नळी सुधारते, कधी तिथेच मरते. हवा शिरलेल्या नळीला तर काहीच इलाज नाही. ती ओळखायची खूण सोपी आहे: मानेजवळ काचेच्या आत आरशासारखा चंदेरी डाग असतो, उरलासुरला वायू शोषण्यासाठी मारलेला बेरियमचा थर. हवा लागली की तो दुधासारखा पांढरा होतो. तो पांढरा दिसला तर एकही स्क्रू पुढे उघडण्यात अर्थ नाही.

अशा सेटमधून ईएचटी, योक, व्हर्टिकल आयसी, स्पीकर आणि रिमोटचा सेन्सर काढून डबीत ठेवावेत, त्याच कंपनीच्या दुसऱ्या सेटला उपयोगी पडतात. नळी मात्र फोडू नये आणि भंगारवाल्याला तांब्यासाठी फोडू देऊ नये. रंगीत नळीच्या मागच्या नरसाळ्यासारख्या काचेत क्ष-किरण अडवण्यासाठी भरपूर शिसे घातलेले असते आणि फुटताना निर्वातामुळे तुकडे दूरवर उडतात. ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत संकलन केंद्राकडे ती अख्खी, पडदा खाली करून, मानेला कापड गुंडाळून पोचवावी.